निरोगी क्रमांक चार

स्टीलच्या वाटीत बटण पडलं. टिण्.

स्वयंपाकघरात चौघं टेबलाभोवती बसली होती. इस्पितळातून नुकताच फोन येऊन गेला होता. ताईचा बोनमॅरो बदलायची तारीख ठरली होती, आजपासून बरोबर एकवीस दिवसांनी. तारीख कळल्यावर माणसं काय बोलतात, हे टेबलाभोवतीच्या तिघा मोठ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंगीला तारखेशी काही देणंघेणं नव्हतं. सहा वर्षांची मुंगी मावशीच्या, म्हणजे ताईच्या, शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती आणि बटणं निवडत होती.

"चूक," ताई म्हणाली. "हे चार भोकांचं. पलीकडच्या वाटीत."

"पण हे लाल आहे! लाल या वाटीत."

"असू दे लाल. रंगावर जाशील तर फसशील, मुंगीबाई. शिवायला बसलं की भोकं लागतात. आधी भोकं मोजायची, मग रंग." ताईनं मान वर केली. डोक्यावर केस नव्हते, सुती टोपडं होतं, आणि तेही तिचं तिनंच शिवलेलं. "बघ गं धाकटे, तुमच्या लॅबमधलं काम आम्ही घरबसल्या करतोय. तेही बिनपगारी."

मग सगळे हसले. मुंगीचा बाबा जरा जास्तच हसला आणि चहा टाकायला उठला. पाठ वळवून उभं राहायला ओट्याइतकी चांगली जागा घरात दुसरी नसते.

धाकटी ताईच्या टोपड्याकडे बघत राहिली. ताई तिला धाकटी म्हणायची, म्हणून नवराही थट्टेनं धाकटी म्हणायला लागला. एकदा विसरलेला डबा द्यायला ताई लॅबच्या दारात उभी राहिली आणि "आमची धाकटी आहे का हो आत?" असं तिनं विचारलं, तेव्हापासून लॅबमध्येही तेच नाव. एकतीस वर्षांची, मुंगीची आई, आणि तरी धाकटी.

बटणांची गोष्ट तिनंच ताईला सांगितली होती, आजार निघाला त्या आठवड्यात. धाकटीच्या लॅबचं काम एकच. रक्ताचा कर्करोग आहे हे दुसऱ्यांनी सांगून झालेलं असायचं. तो कोणत्या जातीचा, हे इथं ठरायचं. पूर्वी भिंगाखाली पेशींचा चेहरा बघून ठरवायचे. चेहरे फसवतात. दोन माणसांच्या पेशी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि एक औषधानं बरा होतो, दुसरा होत नाही. म्हणून आता पेशींच्या आत शिरून कोणत्या जीनमध्ये बिघाड झालाय ते बघायचं आणि त्यावरून आजाराला त्याच्या खणात टाकायचं. लॅबच्या भिंतीवर मोठा तक्ता होता, सगळे त्याला कपाट म्हणत. "हा कुठल्या खणात?" असं दिवसातून वीस वेळा कानावर पडायचं. खण चुकला की उपचार चुकला.

"म्हणजे रंगावर जायचं नाही, भोकं मोजायची," ताई तेव्हा म्हणाली होती, आणि धाकटीला इतक्या वर्षांत आपलं काम इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

ताईचा खण मधला निघाला होता. फार वाईट नाही, फार बरा नाही. पहिली केमो लागू पडली, आजार मागे हटला. पण पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून मूळपेशी बदलायच्या, आणि त्या धाकटीच्या. जुळणी दहापैकी दहा. ती चिठ्ठी हातात आली तेव्हा धाकटी इस्पितळाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली होती, आनंदानं. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई एकोणीस. ताईनं शिलाई मशीन चालवून तिला शिकवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिच्यासाठी स्वतःची सोयरीक दोनदा परतवली आणि तिसरी कधी आलीच नाही. याची परतफेड नसते, हे धाकटीला कळत होतं. पण निदान एकदा तरी ताईनं हात पुढे करावा आणि आपण त्यावर काही ठेवावं, एवढं एक तिला आयुष्यभर हवं होतं. ते एकवीस दिवसांवर आलं होतं.

"तुझं रक्त माझ्यात आलं," ताई म्हणाली, "की मीही सकाळी उठून भांडी आपटायला लागणार बहुतेक."

"मी भांडी आपटत नाही."

"आपटतेस," मुंगी आणि तिचा बाबा एकदम म्हणाले.

"आणि तुझ्यासारखी निरोगी होणार. शिक्का मारलेली निरोगी," ताईनं खिडकीतल्या मगाकडे बोट केलं.

खिडकीत पांढरा मग होता, त्यात मुंगीच्या रंगीत पेन्सिली. मगावर चिकटपट्टी, तीवर धाकटीच्याच अक्षरात: निरोगी क्र. ४. सात वर्षांपूर्वी लॅबमध्ये नवं यंत्र आलं तेव्हाची ती आठवण. यंत्राला आजारी काय ते कळण्याआधी निरोगी काय ते दाखवावं लागतं, म्हणून लॅबमधल्या दहा जणांनी आपापलं रक्त दिलं होतं. त्या दिवशी खूप चेष्टा झाली. कागदोपत्री निरोगी अशी सबंध इमारतीत दहाच माणसं, असं म्हणून प्रत्येकाला एकेक मग मिळाला होता. धाकटी तेव्हा नवी होती, उत्साहाचं नुसतं भांडं. त्या दहा जणांच्या रक्तात जे जे दिसलं ते यंत्रानं यापुढे दाखवूच नये, उगाच यादी लांबते, असा नियम तिनंच लिहिला. गाळणी म्हणत त्याला. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती.

"मावशी, हा बघ!" मुंगीनं पाय टेबलावर टाकला. नडगीवर काळानिळा डाग होता, बदामाएवढा.

"पाय खाली," धाकटी म्हणाली.

"थांब गं," ताईनं चष्मा लावला. "कुठं आपटलीस?"

"कुठंच नाही."

"तुझी आई पण असंच म्हणायची. आपल्या घरची कातडीच मेली नाजूक. आण पेन."

हा त्या घरातला जुना खेळ. डागाच्या कडेनं पेननं रेघ ओढायची आणि रोज बघायचं, डाग रेघेच्या किती आत सरकला. ताई धाकटीसाठी करायची. आई म्हणे ताईसाठी करायची. आईला तर हात दाबून धरला तरी काळंनिळं व्हायचं. ताईनं मुंगीच्या नडगीवर निळ्या पेननं गोल काढला, शिंप्याच्या सफाईनं, एका झटक्यात.

"आता हा डाग कैदेत. चार दिवसांत शरण येतो की नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भिंगडॉक्टर लॅबमध्ये आले.

भिंगडॉक्टर म्हणजे वरच्या मजल्यावरचे म्हातारे डॉक्टर. निवृत्त होऊन पुन्हा कामावर आलेले, आणि अजून रोज रक्ताच्या शंभर काचा भिंगाखाली घालणारे. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. पण शेजाऱ्याच्या हुशार पोराबद्दल असतो तसला संशय होता. त्यांच्या हातात दोन काचा होत्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग पाहिलं नाहीसं केलं, आणि पक्कीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

पक्की म्हणजे धाकटीची जोडीदारीण. प्रत्येक नमुना दोघींनी वाचायचा असा नियम. पक्की एकदा बोलली की बोलली, म्हणून तिचं नाव पक्की.

"दोनशे अकरा उघड," भिंगडॉक्टर म्हणाले.

पक्कीनं की-बोर्डवरचा हात उचलला आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "धाकटे, फ्रीज."

लॅबमध्ये रुग्णाचं नाव नसतं, नुसता आकडा. पण कुणाच्या घरचा आकडा कोणता, हे लपून राहत नाही. आपल्या माणसाचा नमुना मोठ्या पडद्यावर आला की खुर्चीवरून उठायचं आणि कोपऱ्यातल्या फ्रीजकडे तोंड करून उभं राहायचं, अशी लॅबची रीत होती. सुरुवात गमतीत झाली होती. नंतर त्या गमतीला कुणी हसेनासं झालं. धाकटी उठली. फ्रीजच्या दारावर तापमानाचा तक्ता होता. उणे वीस. उणे वीस. उणे एकोणीस. उणे वीस.

"प्लेटलेट वर येत नाहीत या बाईंच्या," मागे भिंगडॉक्टरांचा आवाज. "आजार मागे हटला, बाकी सगळं सुधारलं, आणि ह्या मात्र जागच्या जागी. काचेवरही मला त्या बऱ्या दिसत नाहीत. काल तपासणीला आल्या होत्या, सहज विचारलं, बाई, पूर्वी कधी रक्त यायचं का? तर म्हणाल्या, आमच्या घरात सगळ्यांनाच काळंनिळं पडतं, आमची कातडीच नाजूक. आई चाळिशीत गेली म्हणाल्या. कशानं? तर अशक्तपणानं. अशक्तपणानं कुणी मरत नाही, पोरी."

"पण सर, रिपोर्टमध्ये तसलं काही नाही. मी स्वतः वाचलाय."

"यंत्र काय म्हणालं ते मी वाचलंय. यंत्र काय म्हणालं नाही ते दाखव मला."

"म्हणजे गाळणीत अडकलेलं?" पक्कीच्या आवाजात किंचित तुच्छता होती. "साडेतीन हजार ओळी आहेत सर. सगळा निरोगी कचरा."

"मला वेळ आहे."

की-बोर्डचा आवाज. धाकटीनं तक्त्यावरचं उणे एकोणीस कुणी लिहिलं असेल याचा विचार करायचा प्रयत्न केला. रविवारी तिचीच पाळी होती. अक्षर तिचंच होतं.

"जीनच्या नावानं लाव. र वर जा," भिंगडॉक्टर म्हणाले. "थांब. ही."

पक्कीची खुर्ची पुढे सरकली. वरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"रंक्स-वन. प्लेटलेट घडवणारा जीन," पक्की हळू म्हणाली. "एकोणपन्नास टक्के, म्हणजे निम्म्या प्रती बिघडलेल्या. सर, पण हे तर... हे आजारातलं पण असू शकतं."

"केमोनंतरचा नमुना लाव शेजारी."

पुन्हा की-बोर्ड. या वेळी पक्कीचं एक बोट चुकलं, ती चुक् असं म्हणाली आणि पुन्हा टाइप केलं.

"बाकीचे बदल गेले," भिंगडॉक्टर म्हणाले. "शून्य, शून्य, शून्य. आजाराबरोबर आले, आजाराबरोबर गेले. आणि हा?"

"एकोणपन्नास. तसाच." पक्कीनं श्वास सोडला. "म्हणजे आजारातला नाही. जन्माचा आहे. आईवडलांकडून आलेला. सर, असा बदल पहिल्याच वाचनात डोळ्यांत खुपायला हवा होता मला. गाळला कसा?"

"तेच विचारतोय."

"थांबा, कारण लिहितं यंत्र." पक्कीनं वाचलं, सवयीनं मोठ्यानं, जसं ती रोज सगळंच मोठ्यानं वाचायची. "'वगळले. निरोगी क्रमांक चारमध्ये आढळल्यामुळे.' चार कोण गं होतं आपल्यात? मी सात. तो सोडून गेलेला उंच मुलगा पाच. चार..."

जिचं बोलणं कधी अर्ध्यात तुटत नसे, तिचं तुटलं.

धाकटी फ्रीजकडे तोंड करून उभी होती. वळायला रीतीनं मनाई होती. तिच्या डोक्यात पहिला विचार ताईचा आला नाही, हे पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःबद्दल खुपत राहिलं. पहिल्यांदा आला तो निळ्या पेनचा गोल. बदामाएवढा डाग. कुठंच आपटले नाही.

"मी," ती फ्रीजला म्हणाली. "चार मी."

खुर्ची सरकली. भिंगडॉक्टर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तेही फ्रीजकडेच बघायला लागले. त्यांनी दाराची कड चाचपली आणि म्हणाले, "दार जरा नीट लागलेलं नाही याचं. म्हणून उणे एकोणीस."

"सर, एकवीस दिवस..."

"ते आता होत नाही, पोरी. तुझ्या मूळपेशी तिला दिल्या तर तोच बिघाड पुन्हा तिच्यात पेरल्यासारखं होईल. नखातून, कातडीतून रीतसर तपासू. पण मला आशा नाही, तुलाही नसावी."

"दुसरा दाता?"

"आजच अर्ज टाकतो. जगभरच्या याद्या आहेत. मिळतोही. महिना लागतो, सहाही लागतात. तोवर आजार थांबायला हवा."

"आणि हे माझ्यात आहे म्हणजे..."

"म्हणजे बिघाड आहे, आजार नाही. शंभरातल्या तीस-चाळीस जणांना कधीतरी आजार होतो. बाकीचे म्हातारे होऊन माझ्यासारखे खोकत बसतात." त्यांनी खरंच खोकून दाखवलं. ती हसली नाही. "तुला मूल आहे ना?"

तिनं मान डोलावली.

"निम्मं निम्मं," ते म्हणाले. "लगेच बघायलाच हवं असं नाही. बघायचं की नाही हेही घरात बसून ठरवा. घाईनं काही वाचत नाही त्यात."

पक्कीनं जेवणाच्या सुट्टीतही खुर्ची सोडली नाही. सात वर्षांतले सगळे नमुने तिनं पुन्हा उघडायला घेतले होते: चार नंबरच्या नावाखाली आणखी कुणाचं काही दडून राहिलंय का ते पाहायला. धाकटी मनाशी मोजत होती. किती माणसं? त्यातली किती गेली? तिनं लिहिलेल्या एका नियमानं किती जणांचा खण चुकला?

चारच्या सुमारास पक्की तिच्याजवळ आली. डोळे लाल होते. "कुणी नाही गं," ती म्हणाली. "तीनदा पाहिलं. या बदलाचं दुसरं माणूसच नाही. सात वर्षांत तुझ्या नंबरानं असं लपलेलं एकच निघालं."

एकच. आपलंच. धाकटीला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची तिला लाज वाटली. दहा माणसांत आपण बसलो नसतो, तर पहिल्या आठवड्यातच पक्कीला ती ओळ दिसली असती. दुसऱ्या दात्याचा शोध तीन महिन्यांपूर्वीच सुरू झाला असता. तीन महिने ताई तिच्या भरवशावर बसून होती, आणि तीन महिने ती स्वतः त्या ओळीवर बसून होती.

"नियम माझा होता," ती म्हणाली.

"वाचला मी होता. सही मी केली होती," पक्की म्हणाली. "भांडायचंय का यावर? मी जिंकेन."

नवा रिपोर्ट साडेचारला निघाला. खण बदलला होता. कपाटातला सगळ्यात खालचा, कोपऱ्यातला खण, जो लॅबमधल्यांनी वर्षातून दोनदाच उघडलेला असेल: कुटुंबातून आलेल्या जीनबदलासह. खाली भिंगडॉक्टरांची सही. शेवटची ओळ नेहमीच्या छापील अक्षरात होती. रक्ताच्या नातेवाइकांकडून मूळपेशी घेण्याआधी त्यांची तपासणी करावी.

"उद्या तपासणीला येतील तेव्हा मी सांगतो बाईंना," भिंगडॉक्टर म्हणाले.

"नको सर. मी सांगते. ती मला ओळखते. उद्या तुमच्या दारात यायच्या आधीच तिला माझ्या तोंडाकडे बघून कळलेलं असेल."

आणि झालंही तसंच. संध्याकाळी घरी आल्यावर धाकटीनं चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, पुन्हा धुतले. ताई त्याच खुर्चीवर बसली होती. समोर मुंगीचा शाळेचा झगा, तिच्या हातात सुई.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"कुठं काय?"

"साबण संपवणार आहेस का आज? बस इथं."

मुंगीचा बाबा अजून यायचा होता. मुंगी टेबलाखाली बसून बटणांच्या वाट्यांशी काहीतरी करत होती. तिचा शाळेच्या मोज्यातला पाय तेवढा बाहेर दिसत होता. धाकटी बसली. वाटेत तिनं सगळं मनाशी जुळवलं होतं, आधी काय सांगायचं, मग काय. ते सगळं तिनं सोडून दिलं.

"ताई, माझं तुला चालणार नाही."

ताईची सुई कापडात तशीच राहिली. "दहापैकी दहा होतं ना?"

"जुळतंय. फार जुळतंय. तुझ्यात जे बिघडलंय ते माझ्यातही आहे. जन्मापासून. आपण ज्याला नाजूक कातडी म्हणतो ना, ते तेच. आईलाही तेच असणार." आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं: गाळणी, नियम, चार नंबर, तीन महिने. ताईनं एकदाही अडवलं नाही. तिला सगळं समजलं असेल असं नाही. पण धाकटी लहानपणी काही फोडून यायची तेव्हाही ती असंच ऐकायची, आधी सगळं, मग बोलणं.

"म्हणजे," ताई शेवटी म्हणाली, "आईला अशक्तपणा नव्हता."

"नसावा."

"आणि मी इतकी वर्षं तिच्यावर चिडून. खात नाही, पीत नाही, म्हणून मेली म्हणून." ताईनं सुई झग्यात खोचून ठेवली, कुणाला टोचणार नाही अशी. "तिला निदान नाव तरी मिळालं. उशिरा का होईना."

"ताई, मला बोल काहीतरी. शिव्या दे."

"कशाला? तू निरोगी दिसलीस म्हणून?" ताईनं तिच्या हातावर हात ठेवला. हात हलका झाला होता, कागदासारखा. "त्या म्हाताऱ्यानं विचारलं नसतं, तर तू मला दिलं असतंस. आणि मी खुशाल घेतलं असतं."

"हो."

"आणि मग काही वर्षांनी पुन्हा तेच."

"कदाचित."

"बरं झालं मग विचारलं." पण तिचा आवाज बरं झाल्यासारखा नव्हता. ती खिडकीकडे बघत होती. "दुसऱ्या कुणाचं मिळेल म्हणतात?"

"शोधतायत. मिळेल." आणि मग, ताईशी खोटं बोलायची सवय नसल्यामुळे: "मिळतं बऱ्याच जणांना. कधी ते सांगता येत नाही."

"तुला काही होणार नाही ना गं?"

"मला नाही. दर वर्षी तपासायचं, बस." हे खरं होतं का? ती रोज दुसऱ्यांना खणात टाकायची. स्वतःसाठी तिच्याकडे एक टक्केवारी होती, आणि टक्केवारीत कुणी राहू शकत नाही.

ताईनं आवाज खाली आणला, इतका की तो ओठांवरच राहिला. "आणि हिला?"

धाकटीनं टेबलाखालून बाहेर आलेल्या पायाकडे पाहिलं. मोजा घोट्यापर्यंत घसरला होता. पेनचा गोल अजून होता, आंघोळीनं फिका झालेला, आणि डाग त्याच्या आत. एका दिवसात काय कळणार. तिनं नजरेनंच मापायचा प्रयत्न केला, डाग कडेपासून आत आलाय की तसाच आहे, आणि तिला दिसेना, कारण डोळ्यांत पाणी.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बघायचं का, तेही माहीत नाही."

धाकटीचा हात न सोडता ताईनं दुसऱ्या हातानं झग्यातली सुई काढली आणि टाका घालायच्या ऐवजी नुसती धरून बसली. खिडकीतल्या मगात पेन्सिली होत्या, आणि मगावर धाकटीचं सात वर्षांपूर्वीचं टपोरं, आनंदी अक्षर. उठून तो उलटा करून ठेवावा असं धाकटीला वाटलं. पण उठायला ताईचा हात सोडावा लागला असता.

टेबलाखाली वाट्या सरकल्या. मुंगी चार पायांवर बाहेर आली, केसांत धूळ, मुठीत बटणं. ती दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग मावशीच्या टोपड्याकडे. मोठी माणसं टेबलावर बोलतात ते टेबलाखाली जास्त चांगलं ऐकू येतं, हे दोघी विसरल्या होत्या.

"आईचं रक्त मावशीला नाही चालणार?" तिनं विचारलं.

"नाही गं सोन्या."

मुंगीनं मूठ उघडून बटणं टेबलावर ठेवली, अंगातल्या फ्रॉकची बाही कोपरापर्यंत वर केली आणि तिचा बारका, गोरा, निळ्या शिरांचा हात आईच्या पुढे सरळ धरला.

"मग माझं चालेल का?"